कर्नल बदलला आणि इंटरप्ट बिघडला: रिग्रेशनचा माग काढताना

काल चालत होतं, आज चालत नाही. मधल्या काळात बदलला तो फक्त कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कार्ड तेच, केबल तीच, बायोसही तोच. नेटवर्क मधूनच दम टाकतं, टचपॅड मुका होतो, नाहीतर मशीन नुसतं बसलेलं असताना एक सीपीयू शंभर टक्के भरलेला दिसतो. संशय इंटरप्टवर, म्हणजे ‘माझ्याकडे बघ’ म्हणून डिव्हाइस सीपीयूला देतं त्या हाकेवर जातो आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो. पण ‘इंटरप्टचा काहीतरी घोळ आहे’ एवढ्यावर कुणाला पॅच लिहिता येत नाही. डिव्हाइसपासून ड्रायव्हरपर्यंतच्या वाटेत इंटरप्ट नेमका कुठे हरवला किंवा कुठे अडकला, ते आधी दाखवता आलं पाहिजे. बायसेक्ट, म्हणजे निम्मं निम्मं करत दोषी बदल शोधणं, त्यानंतर.

लेख लिनक्सपुरता आहे आणि ज्यांनी एकदा तरी स्वतः कर्नल कंपाइल करून बूट केला आहे अशांसाठी आहे. आज्ञा, फाइली आणि फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

रिग्रेशन, म्हणजे आधी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत मोडणं, हा बगांमधला त्यातल्या त्यात गुणी प्रकार, कारण तुलनेला एक चालणारा कर्नल हाताशी असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे जुना कर्नल काढायचा नाही. ग्रबच्या बूट यादीत तो राहू द्या, त्याची कॉन्फिग फाइल बाजूला जपून ठेवा. ‘अपडेट केल्यावर जुने कर्नल आपोआप उडवा’ असं सेटिंग डिस्ट्रोत असेल तर ते आत्ताच बंद करा.

लक्षणाला नेमकं नाव द्या

इंटरप्टच्या तक्रारी ढोबळमानाने चार तऱ्हांच्या असतात, आणि प्रत्येकीचा माग वेगळ्या दिशेने जातो.

इंटरप्ट येतच नाही: ड्रायव्हर लोड होतो, डिव्हाइस दिसतं, पण पहिलंच काम टाइमआउटवर संपतं. पूर येतो: एकाच इंटरप्ट ओळीवर लाखो इंटरप्ट, आणि लॉगमध्ये ‘नोबडी केअर्ड’. येतो पण मधूनच एखादा गळतो: तासभर सगळं ठीक, मग ट्रान्समिट क्यू अडकल्याचा इशारा. हा सगळ्यांत चिवट. आणि चौथा, भलतीकडेच येतो: एक्स८६ वर ‘नो आयआरक्यू हँडलर फॉर व्हेक्टर’ असा संदेश. तिथे प्रत्येक सीपीयूला २५६ व्हेक्टर, म्हणजे इंटरप्टचे क्रमांक असतात, त्यांतले पहिले ३२ एक्सेप्शनसाठी राखीव. उरलेल्यांतून वाटप होतं. ४.१५ मध्ये या वाटपाचा कोड मुळापासून नव्याने लिहिला गेला, त्यामुळे त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कर्नलांची तुलना करताना या भागाकडे लक्ष हवं.

लॉग घेताना डीमेसेजचा, म्हणजे कर्नल लॉगचा, शेवटचा तुकडा कापून आणू नका. बूटपासूनचा अख्खा लॉग घ्या, दोन्ही कर्नलांचा. वेळेचे शिक्के काढून टाकून डिफ करा. ‘एमएसआय सुरू करता आला नाही’ (एमएसआय म्हणजे वेगळ्या तारेऐवजी मेमरीत लेखन करून दिलेला इंटरप्ट) अशी एखादी सालस ओळ बूटच्या चौथ्या सेकंदाला येऊन गेलेली असते आणि तिच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं.

/प्रॉक/इंटरप्ट्स नीट वाचा

ही फाइल सगळे उघडतात आणि बहुतेक जण फक्त आकडे पाहतात. आकड्यांइतकेच उजवीकडचे स्तंभ महत्त्वाचे. समजा जुन्या कर्नलवर एका कार्डाची ओळ अशी होती:

१२६: ४०२११८ ० ० ० पीसीआय-एमएसआय ५२४२८८-एज ईटीएच०

आणि नव्यावर अशी:

१७: ९९९१२ ० ० ० आयओ-एपिक १७-फास्टईओआय ईएचसीआय_एचसीडी, ईटीएच०

दोन्ही ओळी नमुन्याच्या आहेत, पण गोष्ट पूर्ण सांगतात. नव्या कर्नलवर ड्रायव्हरला एमएसआय मिळाला नाही, तो मुकाट्याने जुन्या पद्धतीच्या सामायिक ओळीवर उतरला आणि आता यूएसबी कंट्रोलरबरोबर एकाच लायनीवर बसला आहे. म्हणजे शोध ईटीएच०च्या हँडलरमध्ये (इंटरप्ट आल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) करायचाच नाही. एमएसआय का नाकारला गेला तिथे करायचा. एवढं न पाहता हँडलर खरवडत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तुलना आयआरक्यूच्या, म्हणजे इंटरप्ट ओळीच्या, नंबरावरून करू नका. हा नंबर कर्नलने दिलेला अंतर्गत नंबर असतो, दोन बूटांत किंवा दोन कर्नलांत तो सारखाच येईल याची हमी नाही. ओळखा ते डिव्हाइसच्या नावावरून. मग चार गोष्टी ताडून पाहा: चिपचं नाव तेच आहे का, ट्रिगरचा प्रकार तोच आहे का, डिव्हाइसला तेवढेच व्हेक्टर मिळाले आहेत का, आणि आकडे त्याच सीपीयूंवर वाढताहेत का. शेवटची गोष्ट पाहण्याआधी आयआरक्यूबॅलन्स सेवा बंद करा, नाहीतर ती मागून वाटप हलवत राहील आणि तुम्ही भुतामागे धावाल.

आकडा एकदा पाहून काही कळत नाही. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा नोंदवा आणि फरक काढा. किंवा ‘वॉच -एन१ -डी कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स’ लावून ठेवा. त्याच वेळी डिव्हाइसवर माहीत असलेला भार टाका. पिंग सेकंदाला एक जात असताना इंटरप्ट सेकंदाला पन्नास हजार वाढत असतील, तर लक्षणाचं नाव मिळालं. खालच्या ‘ईआरआर’ आणि ‘एमआयएस’ या ओळींवरही नजर टाका. त्या शून्यावर असणं अपेक्षित आहे.

साखळी कुठे तुटली

इंटरप्टचा प्रवास असा: डिव्हाइस आपल्या स्टेटस रजिस्टरमध्ये कारण नोंदवतं, इंटरप्ट कंट्रोलर किंवा एमएसआयचं लेखन तो सीपीयूपर्यंत नेतं, कर्नलचा जेनेरिक आयआरक्यू थर त्याला योग्य फ्लो हँडलरकडे देतो, तो ड्रायव्हरच्या हँडलरला हाक मारतो, आणि खरं काम बहुधा पुढे थ्रेड, सॉफ्टआयआरक्यू किंवा वर्कक्यूमध्ये होतं. प्रत्येक टप्प्यावर डोकावायला एक खिडकी आहे. मी मधूनच सुरुवात करतो, कारण मधल्या खिडकीतून शोधाचं क्षेत्र एका फटक्यात निम्मं होतं.

ती खिडकी म्हणजे एफट्रेस, कर्नलमधलीच ट्रेसिंगची सोय. /सिस/कर्नल/ट्रेसिंग/इव्हेंट्स/आयआरक्यू या फोल्डरात आयआरक्यू_हँडलर_एंट्री आणि आयआरक्यू_हँडलर_एक्झिट असे दोन इव्हेंट आहेत. दोन्ही सुरू करा, फिल्टर फाइलमध्ये आपला आयआरक्यू नंबर द्या, भार टाका, ट्रेस वाचा. एक्झिटच्या ओळीत ‘हँडल्ड’ की ‘अनहँडल्ड’ हे छापलेलं असतं.

एंट्रीच दिसत नसेल तर गडबड हँडलरच्या आधी आहे. एंट्री दिसते, एक्झिट ‘अनहँडल्ड’ म्हणते, तर हँडलरला डिव्हाइसच्या स्टेटसमध्ये स्वतःचं काही सापडलेलं नाही. दोन्ही व्यवस्थित असूनही काम होत नसेल तर पुढे जा: सॉफ्टआयआरक्यूचे रेझ, एंट्री, एक्झिट हे तीन इव्हेंट आणि /प्रॉक/सॉफ्टआयआरक्यूज. नेटवर्क ड्रायव्हर नॅपी पोलिंगमध्ये शिरताना डिव्हाइसचे इंटरप्ट बंद करतो आणि बाहेर पडताना पुन्हा उघडतो. तो उघडण्याचा रस्ता एखाद्या नव्या इफमुळे चुकला की कार्ड कायमचं गप्प होतं, आणि वरच्या थरांत कुणालाही काहीच वावगं दिसत नाही.

हँडलरच्या आधीच्या भागासाठी कॉन्फिग_जेनेरिक_आयआरक्यू_डीबगएफएस चालू करून कर्नल बांधा. मग /सिस/कर्नल/डीबग/आयआरक्यू/आयआरक्यूज मध्ये दर आयआरक्यूमागे एक फाइल मिळते. तीत फ्लो हँडलर कोणता, ओळ मास्क केलेली आहे का, कोणत्या सीपीयूवर नेमली आहे, आयआरक्यू डोमेनची उतरंड कशी आहे, हे सगळं असतं. मी आधी ‘डीडेप्थ’ पाहतो. ही डिसेबलची खोली. चालू असलेल्या ओळीची ती शून्य हवी. एक किंवा जास्त असेल तर कुणीतरी डिसेबल_आयआरक्यू केलं आणि परत एनेबल केलंच नाही. उलट बाजूची चूक, म्हणजे एनेबल जास्तीचं झालं, तर कर्नल स्वतःच ‘अनबॅलन्स्ड एनेबल’ म्हणून ओरडतो.

डीबगएफएसमध्ये ओळ उघडी, डिसेबल शून्य, सीपीयू योग्य, तरी एंट्री नाही? मग डिव्हाइसचं स्टेटस आणि मास्क रजिस्टर थेट वाचायचं. स्टेटसमध्ये कारण नोंदलेलं आहे आणि मास्क बंद आहे, तर ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या क्रमात बदल झाला असणार. स्टेटसच कोरं असेल तर डिव्हाइसने इंटरप्ट दिलेलाच नाही. पॉवर मॅनेजमेंट, क्लॉक, रीसेट तपासा.

‘नोबडी केअर्ड’ काय सांगतो, काय सांगत नाही

हा संदेश कर्नल/आयआरक्यू/स्पुरियस या सी फाइलमधून येतो. एका ओळीवर आलेल्या १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त कुणीच ‘माझा’ म्हटले नाहीत, की कर्नल स्टॅक छापतो, त्या ओळीवर नोंदलेल्या हँडलरांची यादी देतो आणि ओळ बंद करून टाकतो. मोजणी पाहायची असेल तर /प्रॉक/आयआरक्यू/नंबर/स्पुरियस.

यादीतला हँडलर गुन्हेगार, असं समजून त्याच्या ड्रायव्हरवर तुटून पडू नका. सामायिक ओळीवर यादीतले हँडलर प्रामाणिकपणे ‘आमचं नाही’ म्हणत असतात. ओरडणारं डिव्हाइस बहुतेक वेळा यादीत नसतंच. त्याचा ड्रायव्हर लोड झालेला नसतो, किंवा लोड होताना त्याने डिव्हाइस जागं केलेलं असतं पण हँडलर अजून नोंदवलेला नसतो. त्यामुळे एलएसपीसीआय -व्ही मधून त्याच ओळीवर आणखी कोण कोण बसलं आहे ते काढा. छापलेला स्टॅकही बहुतेक वेळा निरुपयोगी, कारण त्या क्षणी त्या सीपीयूवर जे काही चालू होतं ते तो दाखवतो, आणि बऱ्याचदा ते आयडल असतं.

संदेशातच सुचवलेला आयआरक्यूपोल पर्याय लावून मशीन चालू झालं, तर तो इलाज झाला असं समजू नका. त्याने दर वेळी सगळे हँडलर विचारून पाहिले जातात, म्हणजे निष्कर्ष एवढाच निघतो: हँडलर कुठेतरी आहे, पण तो चुकीच्या ओळीवर नोंदलेला आहे. पुढे तपासायचं ते फर्मवेअरने दिलेलं राउटिंग.

एज आणि लेव्हल: निम्मी रिग्रेशनं इथे दडतात

एसटीतल्या घंटीचं उदाहरण घ्या. कंडक्टरने एकदा टण केलं आणि ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं, तर ती घंटी गेली, हा एज. दोरी धरूनच ठेवली तर थांबेपर्यंत आवाज येत राहतो, हा लेव्हल. लेव्हलमध्ये कारण साफ न करता बाहेर पडलात की पूर येतो. एजमध्ये कारण वेळेवर पाहिलं नाही की इंटरप्ट गळतो. एमएसआय हा स्वभावाने एजच आहे, हे विसरलं जातं.

त्यामुळे एखाद्या ड्रायव्हरला नव्या कर्नलमध्ये पहिल्यांदा एमएसआय मिळू लागला, तर वर्षानुवर्षं झाकलेली चूक उघडी पडते. हँडलर स्टेटस वाचतो, काम करतो आणि शेवटी स्टेटस सरसकट साफ करतो, असा क्रम समजा. वाचणं आणि साफ करणं यांच्या मधल्या फटीत दुसरी घटना आली तर ती न पाहताच पुसली जाते. म्हणून जेवढे बिट वाचले तेवढेच साफ करायचे, ते काम करण्याआधी साफ करायचे, आणि शेवटी स्टेटस पुन्हा वाचून शून्य असल्याची खात्री करायची. लेव्हलवर यातलं बरंच काही माफ होतं, कारण न पुसलेलं कारण ओळ वर धरून ठेवतं आणि हँडलर पुन्हा बोलावला जातो.

लेव्हलचीही एक खास खोड आहे. पीसीआयवरची लेखनं पोस्टेड असतात, म्हणजे हँडलरने ‘कारण साफ’ असं लिहिलं तरी ते डिव्हाइसपर्यंत पोचण्याआधीच हँडलर संपू शकतो. तोवर ओळ वरच असते आणि लगेच एक पोकळ इंटरप्ट येतो. लेखनानंतर त्याच डिव्हाइसचं एखादं रजिस्टर वाचलं की आधीची लेखनं पुढे ढकलली जातात. ‘हे वाचन फुकटचं दिसतंय’ म्हणून कुणी साफसफाईच्या पॅचमध्ये ते काढलं की रिग्रेशन तयार. डिफमध्ये किंमत न वापरता केलेलं रजिस्टर वाचन गायब झालेलं दिसलं, तर तिथे थांबा.

आर्म बोर्डांवर डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन, पाहा. जीआयसी या आर्मच्या इंटरप्ट कंट्रोलरच्या नोंदीत सहसा तीन आकडे असतात: प्रकार, नंबर, ट्रिगर. सामायिक पेरिफेरल इंटरप्ट असेल तर प्रत्यक्ष हार्डवेअर नंबर लिहिलेल्या नंबरात ३२ मिळवून येतो. डेटाशीटमधला आकडा जसाच्या तसा उतरवला की भलतीच ओळ नोंदली जाते. ट्रिगरमध्ये १ म्हणजे चढता एज, ४ म्हणजे वरची लेव्हल, आणि या इंटरप्टांना जीआयसी एवढेच दोन प्रकार चालवून घेतो. ड्रायव्हरने रिक्वेस्ट_आयआरक्यूमध्ये स्वतःचा ट्रिगर दिला तर तो डिव्हाइस ट्रीवर मात करतो. म्हणजे डीटीएस फाइल तसूभरही न बदलता ट्रिगर बदलू शकतो.

बूट पॅरामीटर हे औषध नाही, चाचणी आहे

एका वेळी एकच लावा, आणि निकाल आधी कागदावर लिहून ठेवा: हा लावून चाललं तर काय सिद्ध होतं?

‘पीसीआय=नोएमएसआय’ने बरं वाटलं तर संशय एमएसआयच्या वाटेवर किंवा वर सांगितलेल्या एजच्या फटीवर. ‘इंटरीमॅप=ऑफ’ने बरं वाटलं तर इंटरप्ट रीमॅपिंगवर, म्हणजे डिव्हाइसच्या मेमरी-वापरावर पहारा ठेवणाऱ्या आयओएमएमयूकडे. ‘मॅक्ससीपीयूज=१’ने बरं वाटलं तर सीपीयूंमधली शर्यत किंवा अ‍ॅफिनिटी, म्हणजे इंटरप्ट कोणत्या सीपीयूवर नेमला ते. ‘थ्रेडआयआरक्यूज’ने बहुतेक हँडलर थ्रेडमध्ये ढकलले जातात, त्याने लक्षण बदललं तर लॉकिंग किंवा वेळेचा क्रम. एसीपीआय पूर्ण बंद करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याने एकाच वेळी इतकं काही बदलतं की उत्तर आलं तरी उपयोग शून्य.

लॉकिंगचा वास आला की डीबग कर्नल बांधा. कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग हे हँडलरमध्ये आणि बाहेर एकच स्पिनलॉक इंटरप्ट बंद न करता घेतला जातो का, ते प्रत्यक्ष अडकण्याआधीच पकडतं. कॉन्फिग_डीबग_एटॉमिक_स्लीप हे हँडलरमधून झोपणारं फंक्शन बोलावलं की सांगतं. कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू हे सामायिक हँडलर काढून टाकताना एक खोटा इंटरप्ट देतं. हँडलर काढण्याआधीच त्याला लागणाऱ्या गोष्टी मोकळ्या करणारे ड्रायव्हर तिथेच आपटतात. इंटरप्ट किती वेळ बंद राहिले हे मोजायला आयआरक्यूज-ऑफ ट्रेसर आहे. फक्त हे सगळं चालू केलं की वेळेचं गणित बदलतं आणि लक्षण कधी कधी गुडुप होतं. तसं झालं तर तीही नोंद करण्याजोगी माहिती आहे.

बायसेक्ट

आता मात्र बायसेक्टला हात घाला. एका कर्नल आवृत्तीत दहा ते पंधरा हजारांच्या घरात कमिट असतात. निम्मं निम्मं करत गेलं तर चौदा-एक बिल्डांत एका कमिटपर्यंत पोचता येतं. ‘गिट बायसेक्ट स्टार्ट’, मग वाईट आणि चांगली आवृत्ती. बिल्डचा वेळ वाचवायला आधी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ने फक्त लोड असलेले मॉड्यूल ठेवा आणि तीच कॉन्फिग दर पावलाला ‘ओल्डडेफकॉन्फिग’मधून काढा. त्याआधी डिव्हाइस जोडलेलं आणि ड्रायव्हर लोड झालेला आहे ना, एवढं बघा.

डिस्ट्रोच्या कर्नलवर बायसेक्ट करत बसू नका. मूळ लिनक्सच्या दोन आवृत्त्यांवर, आपल्याच कॉन्फिगने, चांगलं आणि वाईट दोन्ही पुन्हा घडवून दाखवा. जमलं नाही तर दोष डिस्ट्रोच्या पॅचमध्ये किंवा कॉन्फिगमध्ये आहे आणि चौदा बिल्ड वाचले.

दर बूटनंतर ‘यूनेम -आर’ पाहा. बायसेक्ट फसण्याचं सगळ्यांत साधं कारण म्हणजे /बूट भरल्यामुळे नवा कर्नल बसलाच नाही आणि आपण मागचाच पुन्हा तपासला. कॉन्फिग_लोकलव्हर्जन_ऑटो चालू ठेवलं की कमिटचा तुकडा नावात येतो. वाटेत आवृत्तीचा आकडा चांगल्या आवृत्तीपेक्षाही जुना दिसला तर दचकू नका. ती शाखा आधीच्या पायावर बेतलेली आणि नंतर मर्ज झालेली असते.

खरा त्रास मधूनच होणाऱ्या दोषाचा. ‘वाईट’ म्हणायला एकच अपयश पुरतं. ‘चांगला’ म्हणायला किती वेळा तपासायचं? समजा वाईट कर्नलवर पाच बूटांत सरासरी एकदा बिघडतं. चौदा बूट नीट गेले तरी तो वाईटच असण्याची वाट शून्य पूर्णांक आठचा चौदावा घात, म्हणजे साधारण ४ टक्के उघडी राहते. हे एका पावलाचं. पूर्ण बायसेक्टमध्ये सात वेळा ‘चांगला’ म्हटलं तर कुठेतरी वाट चुकण्याची शक्यता चारात एकीच्या पुढे जाते. त्यामुळे दोष वाढवण्यावर वेळ घालवा: भार चढवा, इंटरप्ट एकाच सीपीयूवर बांधा, लिंक स्क्रिप्टने वर-खाली करत राहा. पाचांत एकदाचं पाचांत चारदा झालं की बायसेक्ट दुपारभरात उरकतं.

चाचणी स्क्रिप्टमध्ये बसली तर ‘गिट बायसेक्ट रन’ला द्या: ० म्हणजे चांगला, १ म्हणजे वाईट, १२५ म्हणजे हा वगळा. कंपाइल न होणारा किंवा वेगळ्याच कारणाने बूट न होणारा कमिट वगळायचा. अंदाजाने चांगला-वाईट ठरवायचा नाही. फक्त ड्रायव्हरच्या फोल्डरपुरतं बायसेक्ट करण्याचा मोह होतो. ट्रेसने दोष हँडलरच्या आत दाखवला असेल तरच तसं करा, नाहीतर कर्नल/आयआरक्यूमधला किंवा पीसीआयमधला बदल आयता निसटतो.

एक खरा मामला: ई१०००ई आणि ‘अदर’ इंटरप्ट

ई१०००ई हा इंटेलच्या नेटवर्क कार्डांचा ड्रायव्हर. त्यातल्या ८२५७४ कार्डाला एमएसआय-एक्समध्ये (एका डिव्हाइसला अनेक व्हेक्टर देणारा एमएसआयचा प्रकार) तीन व्हेक्टर मिळतात: रिसीव्ह, ट्रान्समिट आणि ‘अदर’. /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये पहिल्या दोघांच्या नावाला आरएक्स, टीएक्स अशी शेपटी असते. नुसतं इंटरफेसचं नाव असलेली ओळ ती ‘अदर’. लिंक वर-खाली झाल्याची बातमी तिच्यातूनच येते.

४.५ मध्ये एक बदल झाला. ‘अदर’चा हँडलर कारणाचं रजिस्टर, म्हणजे आयसीआर, वाचेनासा झाला. ‘अदर’ आला म्हणजे लिंकच बदलली, असं गृहीत धरलं गेलं, आणि त्याचा बिट आपोआप साफ व्हावा म्हणून ईआयएसी या रजिस्टरमध्ये टाकला गेला. गृहीतक लंगडं होतं. येणारी पॅकेट ड्रायव्हरला झेपेनाशी झाली की कार्ड रिसीव्हर ओव्हररनसाठीही ‘अदर’च वाजवतं, आणि तेही एकापाठोपाठ एक. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ मध्ये हे सुधारलं: हँडलर पुन्हा आयसीआर वाचू लागला, ओव्हररन असेल तर ‘अदर’ लगेच उघडेनासा झाला.

आणि व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअर ईएसएक्सआय ६.५ मधल्या नकली ई१०००ई कार्डांवर लिंक वर येईनाशी झाली.

वरची साखळी इथे लावून बघा. हँडलर बोलावला जात होता, म्हणजे कंट्रोलर, व्हेक्टर, अ‍ॅफिनिटी सगळे निर्दोष. ‘नोबडी केअर्ड’ येण्याचा प्रश्न नव्हता. उरला तो हँडलरच्या आतला निर्णय. तिथे ट्रेस टाकल्यावर उत्तर एका आकड्यात मिळालं. ड्रायव्हरने स्वतःच लिंक बदलल्याचा इंटरप्ट उठवल्यानंतर खऱ्या ८२५७४ वर आयसीआर हेक्समध्ये ८००००००४ येत होता: सर्वांत वरचा बिट ‘इंटरप्ट दिला’, आणि ४ म्हणजे लिंक बदलली. नकली कार्डावर त्याच जागी ० येत होता. कारणच दिसत नाही म्हटल्यावर हँडलर लिंककडे बघतच नव्हता. असा ट्रेस टाकायला ट्रेस_प्रिंटके वापरा. हँडलरमधला साधा प्रिंटके, त्यातून सिरीयल कन्सोलवर, वेळ इतका खातो की दुखणंच बदलतं.

बायसेक्टने बोट दाखवलं ते ४.१५ च्या कमिटकडे. तो उलटवला असता तर लिंक आली असती आणि ओव्हररनचा जुना ताप परतला असता. चोर सोडून संन्याशाला सुळी. आयसीआर वाचणं बरोबरच होतं. अडचण होती ४.५ पासून ईआयएसीमध्ये राहिलेला ‘अदर’चा बिट. खऱ्या कार्डावर तो असूनही कारण वाचता येत होतं, नकली कार्डाच्या एम्युलेशनमध्ये नव्हतं. दुरुस्तीत तो बिट काढला गेला आणि स्थिती त्या बाबतीत ४.५ च्या आधीसारखी झाली.

एम्युलेशन चुकलं म्हणून ड्रायव्हरने का झुकायचं, असं वाटू शकतं. पण लिनक्समध्ये ज्याचं चालत होतं त्याचं मोडायचं नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा आग्रह जुना आहे, आणि मला तो पटतो.

कमिट सापडल्यावर

तो कमिट ताज्या मेनलाइनवर उलटवून पाहा. सरळ उलटत नसेल तर त्यातला संशयित तुकडा हाताने काढा. दोष गेला, पुन्हा लावल्यावर परत आला, तर संबंध पक्का. मग त्या कमिटचा संदेश शांतपणे वाचा: त्याने कोणता त्रास मिटवला होता? तुमच्या पॅचमुळे तो परत येता कामा नये.

कळवताना शेवटची चांगली आवृत्ती, पहिली वाईट आवृत्ती, कमिट, दोन्ही कर्नलांचे पूर्ण डीमेसेज, दोन्ही /प्रॉक/इंटरप्ट्स, कॉन्फिग आणि बायसेक्टचा लॉग एवढं जोडा. कुणाला पाठवायचं ते ‘गेट_मेंटेनर’ स्क्रिप्ट सांगते. रिग्रेशनची मेलिंग लिस्टही प्रतीत ठेवा आणि रेगझबॉट या रिग्रेशनची नोंद ठेवणाऱ्या बॉटसाठीची ओळ टाका, म्हणजे मामला विस्मरणात जात नाही. स्वतः पॅच देत असाल तर ‘फिक्सेस’ ओळीत कमिटच्या हॅशची पहिली १२ अक्षरं आणि शीर्षक; दोष प्रकाशित आवृत्तीत पोचला असेल तर स्टेबलही प्रतीत.

पाठवण्याआधी नुसतं ‘लिंक आली’ एवढ्यावर समाधान मानू नका. मॉड्यूल काढून पुन्हा घाला. सस्पेंड करून जागं करा. ज्या सीपीयूवर इंटरप्ट नेमलेला आहे तो ऑफलाइन करा आणि ओळ दुसऱ्या सीपीयूवर सरकते का ते पाहा. एमएसआय-एक्स, एमएसआय आणि जुनी सामायिक ओळ अशा तिन्ही पद्धतींनी ड्रायव्हर चालवा. ई१०००ईला त्यासाठी ‘इंटमोड’ नावाचा मॉड्यूल पॅरामीटर आहे. शेवटची चाचणी नकली कार्डावर: क्यूएमू या एम्युलेटरमध्ये ८२५७४एलची नक्कल आहे, डिव्हाइस म्हणून ई१०००ई दिलं की झालं.